कड, उंची, पृष्ठभाग

मायक्रोबायॉलॉजीच्या कुठल्याही विद्यार्थ्याचं जर्नल उघडा, त्यात एक तक्ता सापडणारच. साइज, शेप, कलर, मार्जिन, एलिव्हेशन, सरफेस, ओपॅसिटी, कन्सिस्टन्सी. आणि त्याखाली बहुतेक वेळा तेच ते शब्द: 2 मिमी, सर्क्युलर, ऑफ-व्हाइट, एन्टायर, कॉन्व्हेक्स, स्मूद, ओपेक, मॉइस्ट. आमच्या वर्गात हे शब्द इतके तोंडपाठ होते की प्लेटचं झाकण उघडण्याआधीच निम्मा तक्ता भरून झालेला असे.

तक्ता होता ओळख पटवण्यासाठी. परीक्षेला ‘अननोन’ म्हणून एक कल्चर हातात पडायचं. ते प्लेटवर स्ट्रीक करायचं, दुसऱ्या दिवशी उगवलेल्या कॉलन्यांचं वर्णन लिहायचं, ग्रॅम स्टेन करायचा, चार रासायनिक चाचण्या लावायच्या आणि नाव सांगायचं. नाव जमलं की सुटलो. कॉलनी अशी का दिसते, हिची कड गोल आणि तिची नागमोडी का, हिच्या मध्ये खळगा का, हे ना कुणी विचारलं ना कुणी सांगितलं. पुढे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये प्लेटा वाचण्यात आयुष्याची बरीच वर्षं गेली, तिथे तर असले प्रश्न पडायलाही सवड नव्हती. वॉर्डातून फोन यायचा, ‘मॅडम, आमच्या पेशंटचं कल्चर काय आलं?’ त्याला नाव हवं असायचं आणि कुठलं अँटिबायोटिक लागू पडेल ते हवं असायचं. खळग्याची गोष्ट कोण ऐकणार?

आता सवड आहे. आणि दरम्यानच्या काळात त्या ‘का’च्या मागे लागलेले लोकही निघाले आहेत. त्यांचं लिखाण वाचता वाचता माझ्यापुरतं एक पक्कं झालं. तक्त्यातला एकेक शब्द म्हणजे कॉलनीच्या पोटात कोण उपाशी राहिलं, कुणाला श्वास पुरला नाही आणि कोण नेमकं कुठे मेलं, याची बाहेर उमटलेली खूण असते. आकार कुणी घडवत नाही, तो भूक आणि मरण यांच्या वाटपातून पडतो.

न्यूमोकॉकसपासूनच सुरू करते. न्यूमोनियाच्या पेशंटच्या थुंकीतून हा ब्लड आगरवर येतो तेव्हा पहिल्या दिवशी त्याची कॉलनी अगदी छोटी, चमकदार, घुमटासारखी फुगीर असते आणि तिच्याभोवती रक्ताचा लाल रंग फिकट हिरवट झालेला असतो. दुसऱ्या दिवशी तीच कॉलनी मध्येच खचलेली दिसते, कडा मात्र उभ्या. इंग्रजी पुस्तकांनी तिला ड्राफ्ट्सच्या सोंगटीचं नाव दिलंय. तक्त्यात आपण ‘एलिव्हेशन’च्या खाली ‘सेंटर डिप्रेस्ड’ लिहून मोकळे. घडतं ते असं: कॉलनीच्या मध्यावर सगळ्यात वयस्क पेशी असतात, तिथलं अन्न आधी संपतं, आणि या जिवाणूच्या अंगात स्वतःचीच भिंत विरघळवणारं एक एन्झाइम, ऑटोलायसिन, कायम तयार असतं. वाढ थांबली की त्याच्यावरचा लगाम सुटतो. मधल्या पेशी स्वतःलाच विरघळवून टाकतात आणि घुमट बसतो. याची खात्री करायची एक साधी चाचणी लॅबमध्ये रोज होते. सोडियम डीऑक्सिकोलेटचा, म्हणजे पित्तातल्या क्षाराचा, एक थेंब कॉलनीवर सोडायचा, प्लेट आडवी ठेवून पुन्हा इन्क्युबेटरमध्ये ठेवायची आणि थेंब सुकेपर्यंत थांबायचं. काढून पाहावं तर कॉलनी नाही. जिथे ती होती तिथे फक्त हिरवट डाग. पित्ताने तिला मारलेलं नसतं, तिच्याजवळच्या हत्याराचा चाप फक्त ओढलेला असतो.

प्लेटवरची कॉलनी ही मुळात निसर्गातली वस्तू नव्हे, हे इथेच सांगून टाकते. ती रॉबर्ट कॉखच्या शिस्तीतून आली. त्याला एका रोगाचा एकच जिवाणू, बाकी कुणाचीही भेसळ नसलेला, वेगळा काढून हवा होता. द्रव माध्यमात सगळे एकमेकांत मिसळतात. घट्ट पृष्ठभागावर मात्र एकटी पडलेली पेशी आपल्या जागीच वाढते. आधी त्याने उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर भागवलं, मग जिलेटिन वापरलं. जिलेटिन शरीराच्या तापमानाला वितळतं आणि काही जिवाणू तर ते चक्क खाऊन पातळ करतात. त्याच्याकडे काम करणाऱ्या वाल्टर हेसेच्या बायकोने, फॅनी हेसेने, आगर सुचवलं. ती जेली आणि पुडिंग आगर घालून करायची, आणि ही युक्ती तिला जावामध्ये राहून आलेल्या एका डच शेजाऱ्याकडून कळली होती. आपल्याकडे किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतं तेच हे. समुद्री शेवाळातून काढलेलं आगर एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळायला 85 अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि ते खाणारे जिवाणू फार थोडे. कॉखने 1882च्या क्षयावरच्या निबंधात आगरचा उल्लेख केला, हेसे दांपत्याचा नाही. 1887मध्ये त्याच्याच हाताखालच्या पेट्रीने झाकणाची बशी आणली आणि तिला मात्र तिच्या कर्त्याचं नाव मिळालं. स्वयंपाकघरातून आलेल्या शोधांचं हे असंच होतं.

या शिस्तीने माणसाला अपार दिलं, क्षय, पटकी, घटसर्प या रोगांची मुळं सापडली. पण तिच्यामुळे शंभर वर्षं आपण जिवाणूकडे एकेकटा म्हणूनच पाहिलं. कॉलनी म्हणजे एकाच्याच असंख्य नकला, तिच्यातून लूपने टोकभर उचलायचं आणि फ्लास्कमध्ये घालून हलवत ठेवायचं, म्हणजे सगळ्यांना सगळं सारखं मिळेल. जे सारखं मिळत नाही तिथेच खरी गंमत होती, आणि ती आपण हलवून हलवून घालवली.

त्याहून मोठी गंमत म्हणजे आपण जिवाणूंनाही गुळगुळीत करून टाकलं. बॅसिलस सब्टिलिस हा मातीतला जिवाणू जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो. त्यातला सर्वांत प्रसिद्ध वाण, 168 क्रमांकाचा, 1940च्या दशकात येल विद्यापीठात किरणांचा मारा करून मिळवलेला. त्याची कॉलनी अगदी तक्त्यात बसणारी, चपटी, सपाट, काही सांगण्याजोगं नाही. त्याचा रानटी पूर्वज, 3610 क्रमांकाचा, मात्र प्लेटवर सुरकुत्यांनी भरलेली, कोरड्या कातडीची, उंचसखल कॉलनी करतो, आणि नळीतल्या रसावर ठेवला तर वर दुधावरच्या सायीसारखा जाड, दुमडलेला थर धरतो. लूप लावला की अख्खा थर उचलून येतो. अशा चिवट, ओढून येणाऱ्या वाणापेक्षा सहज पसरणारा आणि सहज मोजता येणारा वाण कुणालाही हवासा वाटेल. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्याबरोबर काम सोपं तोच जपला गेला, आणि घर बांधण्याची जनुकं एकेक करून गळाली. ई. कोलायच्या के-12 या प्रसिद्ध वाणाचंही तेच, त्याची सेल्युलोज बनवायची क्षमता एका बारीकशा बदलाने गेलेली आहे. बर्लिनमध्ये रेगिने हेंगं आणि डिएगो सेरा यांनी ती परत आणून पाहिली, तर सपाट कॉलनीवर उंच कडा आणि घड्या उभ्या राहिल्या.

2001 साली हार्वर्डमध्ये रिचर्ड लॉसिक आणि रोबेर्तो कोल्टर यांच्या लोकांनी 3610ची कॉलनी पुन्हा नीट पाहायला घेतली. आतल्या सगळ्या पेशी एकाच पेशीची लेकरं, जनुकं सारखी, पण कामं वेगळी. तळाशी आणि कडेला शेपट्या असलेल्या, पोहू शकणाऱ्या पेशी. मधल्या भागात चिकट साखरेचा आणि प्रथिनांच्या धाग्यांचा लगदा सोडून सगळ्यांना धरून ठेवणाऱ्या. आणि वर, कॉलनीतून उठलेल्या टोकांवर, बीजाणू बनवणाऱ्या, कारण वरून वारा मिळतो. कुणाला कुठलं काम, हे कुणी नेमून देत नाही. प्रत्येक पेशी आपल्या भोवतालचं अन्न, ऑक्सिजन आणि शेजाऱ्यांनी सोडलेले रेणू चाखते, आणि त्यावरून तिची जनुकं चालू-बंद होतात.

या कॉलनीच्या सुरकुत्यांनी मला सर्वांत जास्त खिळवून ठेवलं. तक्त्यात त्या ‘सरफेस: रिंकल्ड’ एवढ्यावर संपतात. कॅलिफोर्नियातल्या सान डिएगोमध्ये गुरोल स्युएलच्या प्रयोगशाळेने 2012मध्ये दाखवलं की सुरकुती कुठे पडायची हे मेलेल्या पेशी ठरवतात. कॉलनी वाढते, पण चिकट लगद्याने जखडलेली असल्यामुळे तिला बाजूला सरकायला वाव नसतो, त्यामुळे आडवा दाब साठत जातो. तळाशी, जिथे गर्दी फार झाली, तिथे पेशींचे पुंजके मरतात. मेलेली जागा मऊ पडते, आणि साठलेला सगळा दाब त्या कमकुवत ठिकाणी वर उसळून घडी पाडतो. त्यांनी मग उलटही करून पाहिलं: ज्या जागी पेशी दाट ठेवल्या त्या जागी मरण आलं, आणि मरणाच्या आराखड्याबरहुकूम सुरकुत्या उमटल्या. म्हणजे वरून पाहिलेली सुरकुतीची रेघ ही खालच्या स्मशानाची हद्द आहे.

आणि त्या घडीखाली जी पोकळी राहते तिचा उपयोग होतो. 2013मध्ये हार्वर्डच्याच एका गटाने सुरकुतीखाली रंग टोचला, तर तो कॉलनीभर पसरलेल्या पोकळ वाटांनी धावत गेला. वरून पाणी उडतं, त्याच्या ओढीने खालचा द्रव या वाटांमधून सरकत राहतो. पेशी मेल्या म्हणून वाट झाली आणि वाटेने उरलेल्यांना पाणी मिळालं. यात कुणी कुणासाठी मेलं असं मी म्हणणार नाही, पण उरलेल्यांचा फायदा झाला हे तर डोळ्यांना दिसतं.

याच कॉलनीच्या अंगावर बीएसएलए नावाच्या प्रथिनाचं एक अस्तर असतं. पाण्याचा थेंब त्यावर टाकला तर तो गोळी होऊन बसतो, जिरत नाही. 2011मध्ये कुणीतरी अल्कोहोल टाकून पाहिलं, तर 80 टक्क्यांपर्यंतचं अल्कोहोलसुद्धा तिला भिजवू शकलं नाही. आमच्या लॅबमध्ये टेबल पुसायचं ते 70 टक्के अल्कोहोलने. एकेकट्या पेशींवर ते चोख काम करतं, त्याबद्दल वाद नाही.

श्वासाचंही असंच. ई. कोलायची एक पेशी साधारण दोन मायक्रोमीटर लांब, आणि अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होणारी. रात्री 37 अंशांना ठेवलेल्या एका पेशीचा सकाळी डोळ्यांना दिसणारा ठिपका होतो, त्यात कोट्यवधी पेशी असतात. पण त्या ठिपक्यात केसाच्या जाडीएवढं खोल गेलं की ऑक्सिजन जवळपास संपतो. वरच्या पेशी तो जाता जाता ओढून घेतात, आणि खालून येणारं अन्न खालच्या पेशी संपवतात. वर हवा आहे पण जेवण नाही, खाली जेवण आहे पण हवा नाही. स्यूडोमोनास या जिवाणूने यावर एक तोडगा काढलाय. त्याची हिरवट-निळी झाक आणि द्राक्षांसारखा गोडसर वास लॅबमधल्या कुणालाही प्लेट न उघडता ओळखता येतो. त्यातला निळा रंग पायोसायनिनचा. खालच्या गुदमरलेल्या पेशी आपल्याजवळचे जादा इलेक्ट्रॉन या रंगद्रव्यावर लादून वर पाठवतात, वर ते ऑक्सिजनला दिले जातात, आणि रिकामं रंगद्रव्य परत खाली येतं. 2008मध्ये लार्स डीट्रिख आणि डायॅन न्यूमन यांनी असा वाण वाढवला ज्याला हे रंग करताच येत नाहीत. त्याची कॉलनी लवकर आणि खूप जास्त सुरकुतली. नाकाने श्वास घेता येत नसेल तर अंगच पसरायचं, म्हणजे हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो. रंग आणि पृष्ठभाग हे तक्त्याचे दोन वेगळे रकाने, आणि एकातली उणीव दुसऱ्यात भरून निघते, हे वाचून त्या तक्त्याबद्दल माझा आदर वाढला.

आता प्रोटियस. या जिवाणूबद्दल लॅबमध्ये काम केलेल्या माणसाशी बोलू नये, तो सुरूच होतो. लघवीच्या नमुन्यांमध्ये, विशेषतः कॅथेटर घातलेल्या पेशंटच्या, हा हमखास. ब्लड आगरवर लावला की कॉलनी करून गप्प बसत नाही, सबंध प्लेटवर पसरतो आणि बाकीच्या सगळ्यांना झाकून टाकतो. इन्क्युबेटरचं दार उघडताच आमचे लॅबमधले मामा नाक मुरडून सांगायचे, ‘आज प्रोटियस आलाय.’ वास असा की तो एकदा डोक्यात बसला की जात नाही. मॅकॉन्की किंवा सीएलईडीसारख्या माध्यमांवर तो आवरतो, म्हणून लघवीचे नमुने त्यांच्यावर लावतात. 1885 साली गुस्ताव हाउझरने त्याला हे नाव दिलं, हवं तसं रूप बदलणाऱ्या ग्रीक समुद्रदेवाचं.

प्लेट तिरकी धरून उजेडात पाहिली तर मध्यापासून कडेपर्यंत एकात एक वर्तुळं दिसतात, अगदी समान अंतरावर. ज्याने ती पहिल्यांदा पाहिली त्याला ती आखून काढलेली वाटतील. झाकण काढून प्लेट मायक्रोस्कोपच्या कमी ताकदीच्या लेन्सखाली ठेवली की कळतं ते वेगळंच. सर्वांत बाहेरच्या वर्तुळाच्या कडेला पेशींचा एक पातळ पडदा असतो आणि तो हलत असतो. एकेक पेशी सुटी नाही, आडव्या बाजूंनी एकमेकींना चिकटून केलेले ताफे. ताफा पुढे सरकतो, थबकतो, वळतो, दुसऱ्या ताफ्यात मिसळतो. मध्येच एखादी पेशी तुटून पुढे एकटी पडते आणि तिथेच अडकते. मागचा ताफा येऊन तिला गिळतो आणि ती पुन्हा हलू लागते. या पेशी नेहमीच्या नव्हेत. पोहणारी प्रोटियसची पेशी दोन मायक्रोमीटरच्या आसपास. पृष्ठभागावर आली की ती विभागणं थांबवते, नुसती लांब होत जाते, 20 ते 80 मायक्रोमीटरपर्यंत, आणि तिच्या अंगावर हजारो शेपट्या फुटतात. असे काही तास धाव, मग सगळ्या थांबतात, तुकडे होऊन पुन्हा आखूड होतात, वाढतात, गर्दी करतात आणि पुन्हा लांब होऊन निघतात. एक वर्तुळ म्हणजे एक मुक्काम. सकाळी प्लेटवर दिसतात ते रात्रभराचे मुक्काम.

दोन वेगवेगळ्या पेशंटचे प्रोटियस एकाच प्लेटवर दोन टोकांना लावले आणि ते वेगळ्या वाणाचे असले, तर दोन्ही धावत येतात आणि जिथे भेटायला हवेत तिथे थांबतात. मध्ये एक स्पष्ट, रिकामी रेघ राहते. एकाच वाणाचे असले तर रेघ न पडता मिसळून जातात. लुई डीनेसने 1946च्या सुमारास ही गोष्ट लिहिली आणि तेव्हापासून ती डीनेस रेघ. वॉर्डात एकाच आठवड्यात तीन-चार जणांना प्रोटियसचा संसर्ग झाला तर तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला की प्रत्येकाचा वेगळा, हे शोधायला काही लॅबमध्ये या रेघेचा उपयोग होत असे. खर्च जवळपास शून्य. रेघेवर काय चालतं ते 2008मध्ये करीन गिब्ज आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या पातळीवर उलगडायला सुरुवात केली: आपला आणि परका ओळखणारी प्रथिनं, आणि पुढे दिसलं की स्पर्श होताच परक्याच्या अंगात विष टोचणारी यंत्रणाही. रिकामी रेघ म्हणजे तहाची सीमा असावी असं मला आधी वाटायचं. ती रणभूमी आहे.

हे सगळं वाचून लोक कॉलनीला शहर म्हणू लागले आहेत. रस्ते आले, पाणीपुरवठा आला, कामाची वाटणी आली. जिवाणूंवरच्या एका नावाजलेल्या लेखाचं शीर्षकच तसं आहे. मला हे पटत नाही, आणि शहराला आराखडा असतो म्हणून नाही. पुण्यात राहणाऱ्याने असला दावा करूच नये. शहर म्हटलं की आपण लगेच नागरिक, कर्तव्य, त्याग असे शब्द घेऊन आत शिरतो. बॅसिलस सब्टिलिसच्या कॉलनीत अन्न संपत आलं की काही पेशी दोन विषं सोडतात, ज्यांच्यापासून त्या स्वतः सुरक्षित असतात. शेजारच्या सख्ख्या बहिणी फुटतात आणि त्यांच्यातून सांडलेलं खाऊन विष सोडणाऱ्या पेशी आणखी काही तास तग धरतात. कशासाठी? बीजाणू बनायचं लांबणीवर टाकण्यासाठी. बीजाणू होणं महागडं आणि एका टप्प्यानंतर माघार न घेता येणारं. तेवढ्यात कुठून अन्न आलंच तर? 2003मध्ये हे छापून आलं तेव्हा शोधकर्त्यांनी त्याला नरभक्षण म्हटलं. तोही शब्द जडच. शहर म्हणावं तर हे बसत नाही आणि नरभक्षण म्हणावं तर पोकळ वाटांनी धावणारं पाणी बसत नाही.

स्युएलच्याच लोकांनी 2015मध्ये आणखी एक पाहिलं. कॉलनी ठरावीक आकाराची झाली की कडेच्या पेशी मधूनमधून वाढ थांबवतात. कडेच्यांनी खाणं थांबवलं की ग्लुटामेट मध्यापर्यंत पोचतं, आणि मध्य जिवंत राहतो. थांबा हा निरोप पोटॅशियमच्या लाटेने जातो. एका पेशीने पोटॅशियम सोडलं की शेजारणीची विद्युतस्थिती बदलते, ती सोडते, असं करत लाट कडेपर्यंत जाते. आपल्या नसांमधला निरोपही पोटॅशियम-सोडियमच्या येण्याजाण्यावरच चालतो. मध्य का जपायचा? एखादं विष बाहेरून आलं तर कड आधी मरते, आणि पुन्हा उभं राहायला मध्य लागतो. पण हेही आपण नंतर शोधलेलं कारण. पेशीला फक्त एवढंच कळतं की बाहेर पोटॅशियम वाढलं.

पिंपरीबद्दल थोडं लिहिलं नाही तर या भागातल्या माणसाला चैन पडणार नाही, पण तिथे पोचायला मातीपासून सुरुवात करावी लागते. पहिल्या पावसानंतर मातीला येणारा वास ज्या जिओस्मिनचा, ते प्रामुख्याने बनवणारे स्ट्रेप्टोमायसिस कुळातले जिवाणू. त्यांच्या कॉलनीवर लूप टेकवला तर तो घसरतो. कॉलनी चामड्यासारखी आणि आगरमध्ये मुळं रोवून बसलेली, ती टोकाने खरवडून काढावी लागते. वर खडूच्या भुकटीसारखी बीजाणूंची पूड. या कॉलनीचं जगणं दोन मजल्यांचं. आधी खालचे धागे आगरमध्ये पसरतात आणि खातात. अन्न संपलं की वरचे धागे हवेत उठतात, त्यांच्या टोकांना बीजाणू लागतात, आणि त्यासाठी लागणारा माल खालचे धागे विरघळवून उभा केला जातो. विरघळलेल्या मालावर शेजारपाजारचे जिवाणू डोळा ठेवून असतात, आणि साधारण त्याच वेळी स्ट्रेप्टोमायसिस अँटिबायोटिक सोडू लागतो. 1943मध्ये अल्बर्ट शॅट्झने रटगर्समध्ये स्ट्रेप्टोमायसिन मिळवलं ते याच कुळातून. आणि पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटाने 1960च्या दशकाच्या सुरुवातीला बुरशीवरचं हॅमायसिन शोधलं. ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याला त्यांनी गावाचं नाव दिलं, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. कारखान्यातल्या मोठ्या टाक्यांत मात्र तो दोन मजली जगत नाही, तिथे सतत ढवळणं असतं.

या सगळ्या कॉलन्या एकेका जातीच्या, म्हणजे कॉखच्या शिस्तीतल्याच. बशीबाहेर कुणी असं राहत नाही. 1683मध्ये डेल्फ्टच्या लेवेनहुकने आपल्या आणि इतर काही जणांच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून मायक्रोस्कोपखाली पाहिला, आणि त्यातल्या जिवांची संख्या पाहून थक्क झाला. पत्रात त्याने लिहिलं की व्हिनेगरने चूळ भरली तर थराच्या बाहेरचे जीव मेले, आतले नाही. थर हा त्यातल्या जिवांना वाचवतो, हे पहिल्यांदा नोंदवलं गेलं ते तेव्हा. हॉस्पिटलमध्ये कॅथेटरवर चिकटलेल्या थराला मोकळ्या जिवाणूच्या शेकडो पट, कधी हजारपट जास्त अँटिबायोटिक लागतं, ही डोकेदुखी त्याच पत्रातली.

दातांवरचा तो थर कसा रचलेला असतो हे पाहायला मात्र 2016 उजाडावं लागलं. तोवर बहुतेक वेळा नमुना घोटून त्यातलं डीएनए काढायची रीत होती. त्याने कोण किती ते कळतं, पण कोण कुणाशेजारी ते कळत नाही. जेसिका मार्क वेल्च, गॅरी बोरिसी आणि सहकाऱ्यांनी थर न मोडता प्रत्येक जातीला वेगळ्या रंगाची खूण लावली, आणि समोर आली एक गोल, चहूबाजूंनी काटे फुटलेली रचना, तिला त्यांनी हेजहॉग म्हटलं. मधून बाहेर निघालेले लांब धागे कॉरिनेबॅक्टेरियमचे. त्यांच्या टोकांना स्ट्रेप्टोकॉकसचे गोल दाणे चहूकडून चिकटून तयार झालेली कणसं, कारण लाळेतली साखर आणि ऑक्सिजन तिथे मिळतात. स्ट्रेप्टोकॉकस ऑक्सिजन खातो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणून त्याच्या जरा आतल्या पट्ट्यात कॅप्नोसायटोफॅगा आणि फ्यूजोबॅक्टेरियम यांच्यासारखे, ज्यांना कमी हवा आणि जास्त कार्बन डायऑक्साइड मानवतो असे. सगळं उभं आहे ते कॉरिनेबॅक्टेरियमच्या धाग्यांवर. ते काढले तर टोकाला बसायला जागाच नाही.

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये याच कुळातल्या कुणाची कॉलनी घशाच्या स्वॅबच्या प्लेटवर आली तर तिच्याकडे दुसऱ्यांदा कुणी पाहत नाही. बारीक, पांढरट, कोरडी, नजरेत न भरणारी. घटसर्पाची शंका नसेल तर ‘डिफ्थेरॉइड्स’ म्हणायचं, ‘नॉर्मल फ्लोरा’ टाइप करायचं आणि पुढची प्लेट घ्यायची. आजही कुठल्यातरी रिपोर्टात तेच दोन शब्द उमटले असतील, आणि रिपोर्ट म्हणून त्यात गैर काही नाही. घसा धरलेल्या माणसाच्या डॉक्टरला तेवढंच हवं असतं.